वर शार्क, खाली ऑक्टोपस

दोरीला उलटी लटकलेली बाई कड्यावरून खाली आली, पाण्याच्या जवळ पोचली आणि नेमका तेवढ्यात पाण्यातून जबडा वर आला. संपलं. वर उभे असलेले लोक ओरडले, संगीत वाजलं आणि जाहिरात लागली. गुडघेदुखीच्या तेलाची.

दुपारचे अडीच वाजलेले. वरणभात अंगावर आलेला, रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला आणि तो काढायला कुणी उठायचं यावर घरात एकमत नाही. अशा वेळी माणूस समोर जे लागलंय ते बघतो. माझ्या बऱ्याचशा आवडीनिवडी अशा हरवलेल्या रिमोटनंच ठरवल्यात. हिंदीत डब केलेले राक्षसी मासे, मगरी, अजगर, मधमाश्या मी कधी ठरवून बघितल्या नाहीत आणि कधी अर्ध्यावर सोडल्याही नाहीत.

तर हा 'शार्कटोपस'. वर शार्क, खाली ऑक्टोपस. अमेरिकेच्या नौदलासाठी एक खासगी कंपनी हा प्राणी तयार करते, त्याला एस-११ असं सरकारी फायलीत शोभणारं नाव देते आणि त्याला काबूत ठेवायला डोक्यावर एक यंत्र बसवते. ते यंत्र मोडतं. मोडणारच, नाही तर पुढचा दीड तास दाखवायचं काय? मग प्राणी मेक्सिकोत प्वेर्तो व्हायार्ताच्या किनाऱ्याला लागतो. तिथं ऊन आहे, हॉटेलं आहेत आणि दर जाहिरातीआधी एक बळी पुरेल इतके पर्यटक आहेत. अमेरिकेत हा चित्रपट २५ सप्टेंबर २०१० ला, शनिवारी, सायफाय वाहिनीवर लागला. थेटराची पायरी न चढता थेट टीव्हीवर. शनिवारी रात्री कुठं जायचं नसलेल्या माणसांसाठी या वाहिनीनं असे कितीतरी चित्रपट करून घेतले. माणसाचा डास झालेला, डायनासोरची मगर झालेली, पुढं पिरान्हा आणि ॲनाकोंडा एकत्र आलेले.

कंपनीचा मालक झालाय एरिक रॉबर्ट्स. ज्युलिया रॉबर्ट्सचा सख्खा भाऊ, एके काळी ऑस्करच्या यादीत नाव लागलेला नट. तो इथं इतक्या गंभीरपणे वावरतो की त्याला आपण कुठल्या चित्रपटात आहोत हे सांगितलंय की नाही अशी शंका येते. नायक केरेम बुर्सिन. हा पुढं तुर्की मालिकांमधला मोठा लाडका हिरो झाला. माझी धाकटी बहीण त्याच्या प्रेमळ मालिका उशी पोटाशी धरून बघते. तिला मी अजून या चित्रपटाचं सांगितलेलं नाही. लागेल तेव्हा वापरू.

माझं मात्र नटांकडं लक्ष नव्हतं. असला प्राणी पडद्यावर आला की मी एकच गोष्ट शोधते, सांधा. शार्क नेमका कुठं संपतो आणि ऑक्टोपस कुठं सुरू होतो? कमरेपाशी म्हणावं तर शार्कला कंबर कुठाय? चित्रपटवाल्यांनाही याची कल्पना असावी, कारण प्राणी जमिनीवर पायांच्या टोकावर चालत आला तरी मधली जागा एक तर भराभर हलत असते, नाही तर तिथं पाणी उडत असतं. मग मी पुढं सरकते, चष्मा नीट करते. घरच्यांना वाटतं ही फार रंगून गेलीय.

ही खोड काकांची.

काका एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत होते. पुष्कळांना वाटतं एसटीची गाडी कुठल्या तरी कारखान्यातून तयार होऊन येते. पण कंपनीकडून यायची ती नुसती चासी. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला टेकायला काहीबाही. ना छप्पर, ना काच. तोंडाला फडकं गुंडाळून तसलाच सांगाडा हायवेनं चालवत आणायचे. आणि मग त्यावर आमच्या काकांसारखी माणसं बॉडी चढवायची. खाली टाटा नाही तर लेलँड, वर दापोडी. लहानपणी एसटीत चढताना काका आधी पायरीच्या आतल्या बाजूला हात लावून बघायचे. बोट फिरवायचे आणि "हं" म्हणायचे. हे 'हं' दोन प्रकारचं होतं. चांगल्या वेल्डिंगचं आखूड. ग्राइंडिंग न करता नुसता रंग मारलेल्या सांध्याचं लांब. दुसरं ऐकू आलं की कंडक्टरच्या तोंडावरही अपराधी भाव यायचे, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

घरी गणपती आणायला काकांबरोबर जायचं म्हणजे दुपार गेली. बाकीचे लोक मूर्तीचे डोळे बघतात. काका गळा बघायचे. मूर्तिकार तिथं शेला टाकतात, हार घालतात, कंठी रंगवतात. "बरोबर आहे. सगळ्यात अवघड काम तिथं आहे, मग तिथंच दागिने." हत्तीचं डोकं आणि मुलाचं धड यात आपल्याला कधी काही वावगं वाटत नाही, उलट फार गोड वाटतं. काकांनाही गोडच वाटायचं. फक्त ते कसं बसवलंय हे कळल्याशिवाय त्यांना नमस्कार करवायचा नाही.

आणि मग आमच्या गावची जत्रा.

जत्रेत पाळणे, मौत का कुआँ, भेंडबत्तासे, आणि एका कडेला मळकट तंबू. बाहेर कापडावर रंगवलेलं चित्र होतं. हिरव्या सापाची वेटोळी आणि वर मुलीचं तोंड. कपाळाला टिकली, कानात झुबे, ओठ लालभडक. कर्ण्यातून एक माणूस सतत ओरडायचा. अर्धी नागीण, अर्धी कन्या, बोलते, हसते, प्रश्नांची उत्तरं देते, आईला उलट उत्तर दिलं म्हणून आईचा शाप लागला, आज ही अवस्था पाहा. हे ऐकून आसपासच्या सगळ्या आया आपापल्या पोरांकडं एकदम बघायच्या. माझ्या मते निम्मी तिकिटं त्या बघण्यावर खपत असावीत.

मी हट्ट धरला. आई नको म्हणाली, म्हणून काका घेऊन गेले. आत पिवळा दिवा, दोरी बांधलेली, दोरीपलीकडं लाकडी चौरंग. त्यावर कापडात पेंढा भरलेली, खवले रंगवलेली वेटोळी. आणि त्या वेटोळ्यांतून वर आलेलं खरोखरीच्या मुलीचं डोकं. माझ्याहून फार मोठी नसेल. पावडर थापलेली. गळ्याभोवती लाल मखमलीची झालर. मला इतकी भीती वाटली की मी काकांच्या पँटचा खिसा धरून ठेवला.

लोक विचारत होते, नाव काय, गाव कुठलं, माझं लग्न कधी होईल. ती उत्तरं देत होती, पाढे म्हणावेत तशा आवाजात. लग्न सगळ्यांचं दिवाळीनंतर होणार होतं. आणि तेवढ्यात तिच्या गालावर माशी बसली. हात तर नव्हते. म्हणजे होते, पण नसल्यासारखे कुठं तरी खाली. तिनं ओठ एका बाजूला वाकडे करून फुंकर मारली. माशी उडाली, नाकावर बसली. तिनं ओठ वर करून परत फुंकलं. लोक हसले. एका पोरानं शिट्टी घातली.

काका वाकून गळ्याकडं बघत होते. "झालर लावलीय," मला हळूच म्हणाले. "सांधा लपवायचा तर झालरच. खाली आरसा असणार." मला त्यातलं काही कळलं नाही आणि माझी भीतीही गेली नाही. मग पुढं सरकून त्यांनी तिला प्रश्न विचारला.

"जेवलीस का गं?"

"भविष्याचे प्रश्न विचारा साहेब!" कर्णेवाला खेकसला. ती मात्र गप्प झाली. पाढ्यात हा प्रश्न नव्हता. मग तिनं मान हलवली. तिला हलवता येण्यासारखं तेवढंच होतं. नाही म्हणाली की हो म्हणाली ते काही मला समजलं नाही.

बाहेर पडताना काका कर्णेवाल्याजवळ थांबले. मला वाटलं आता भांडण होणार. काका एवढंच म्हणाले, "माशा बसतायत पोरीच्या तोंडावर. टेबलफॅन लाव एक, खालून. तिला गार पण वाटंल." तो माणूस त्यांच्याकडं बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी चुलत भावंडांच्या मागं लागून परत तिथं गेले. फॅन लावलेला होता. त्याच्या वाऱ्यानं सापाच्या शेपटीचं कापड फडफडत होतं आणि कर्ण्यातून नवीनच आरोळी येत होती, हलती! जिवंत! शेपूट हलवणारी! रांग पाळण्यापर्यंत गेली होती. मुलीच्या तोंडावर माशी नव्हती. काकांना सांगितलं तर आखूडवालं 'हं' म्हणाले.

त्या कर्णेवाल्याची आणि रॉजर कॉर्मनची गाठ पडायला हवी होती असं मला फार वाटतं. कॉर्मन म्हणजे 'शार्कटोपस'चे निर्माते. स्वस्तात, भराभर आणि तोटा न होऊ देता चित्रपट काढायचा हा माणूस बादशहा. शिक्षणानं इंजिनीअर, तेही स्टॅनफर्डचे. १९५६ साली त्यांनी शुक्रावरून येऊन पृथ्वी ताब्यात घेणारा राक्षस पडद्यावर आणला, तेव्हा इंजिनीअरच्या डोक्यानं विचार केला की जिथं गुरुत्वाकर्षण जास्त तिथला प्राणी बुटका आणि बसका असणार. हे शास्त्राला धरून आहे असं समजून राक्षस बुटका केला. नायिका बेव्हर्ली गार्लंड सेटवर आली, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघितलं, हा जग जिंकणार का अशा अर्थाचं काही तरी बोलली आणि त्याला लाथ घातली. कॉर्मन हा किस्सा स्वतःच हसत सांगायचे. राक्षसाची उंची त्यांनी लगोलग वाढवून घेतली, आणि राक्षस नेहमी नायिकेपेक्षा मोठा हवा हे कायमचं शिकले. स्टॅनफर्डमध्ये हे शिकवत नसावेत.

त्या राक्षसाच्या आत पॉल ब्लेसडेल नावाचा गृहस्थ बसलेला असायचा. त्यानंच तो तयार केला, त्यानंच आत बसून चालवला. कॉर्मन यांच्याच १९६१ च्या दुसऱ्या एका चित्रपटातल्या समुद्रराक्षसाचे डोळे टेनिसच्या चेंडूंचे होते आणि बुबुळं टेबल टेनिसच्या चेंडूंची. हे वाचल्यापासून मला खेळाच्या सामानाच्या दुकानात उगाच हसू येतं.

आणि याच कॉर्मननं इंगमार बर्गमन, फेलिनी, कुरोसावा अशा थोर परदेशी दिग्दर्शकांचे चित्रपट अमेरिकेत लोकांपुढं आणले. त्याच्या हाताखाली कोपोला, स्कोर्सेसी, जेम्स कॅमेरॉन असे पुढं गाजलेले दिग्दर्शक शिकले. २००९ च्या नोव्हेंबरात त्याला मानाचं ऑस्कर मिळालं. आपल्याकडं असा सन्मान झाला की माणूस शाल सांभाळत उरलेलं आयुष्य व्याख्यानं देतो. यांनी पुढच्याच वर्षी शार्कला ऑक्टोपसचे पाय लावले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

खरं तर आधी ते नको म्हणाले होते. 'शार्कटोपस' हे नाव वाहिनीनं सुचवलेलं. प्रेक्षक वेडेपणा एका मर्यादेपर्यंत चालवून घेतात, त्यापलीकडं गेलात तर तेच तुमच्यावर उलटतात, असं कॉर्मन यांचं म्हणणं होतं आणि हे नाव त्या रेषेच्या पलीकडचं आहे असं त्यांना वाटत होतं. वाहिनीनं गळ घातली, ते तयार झाले, चित्रपट चालला. मग रेषा कुठली आणि काय! २०१४ मध्ये शार्कटोपसची लढाई उडत्या सरड्याचं आणि बॅराकुडा माशाचं मिश्रण असलेल्या प्राण्याशी झाली, २०१५ मध्ये व्हेल आणि लांडग्याच्या मिश्रणाशी. हे पुढचे मला झेपले नाहीत. बघणाऱ्याच्या आधी चित्रपट स्वतःच हसायला लागला की माझा रस जातो. २०१३ मध्ये 'शार्कनेडो' नावाच्या चित्रपटात वादळातून शार्क पडायला लागले, तेव्हापासून तर सगळेच डोळा मारत मारत चित्रपट काढतात. डोळा मारणाऱ्यांना झालर लागत नाही. सांधा दिसला तर दिसला, तोच विनोद.

पण एक गंमत मला जाम आवडते. निर्माते म्हणून कॉर्मन यांचा पहिला राक्षस १९५४ चा. त्यात एक अमेरिकन मुलगी सुटीसाठी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जाते आणि तिथल्या समुद्रात ऑक्टोपससारखा एकडोळ्या प्राणी असतो. हातात रोख होते बारा हजार डॉलर, असं ते सांगत. म्हणजे सुरुवात मेक्सिकोचा किनारा आणि ऑक्टोपस, आणि छप्पन्न वर्षांनी परत मेक्सिकोचा किनारा आणि ऑक्टोपस. मधल्या काळात प्रगती एवढीच की वर शार्क आला.

'शार्कटोपस'मध्ये ते स्वतःही दिसतात. वाळूत एका तरुण मुलीला सोन्याचं नाणं सापडतं. ती आनंदानं ते बघत असताना पाण्यातून पाय येतात आणि तिला ओढून नेतात. बाजूला एक म्हातारा हे सगळं बघतो. मुलगी गेली. म्हातारा नाणं घेतो आणि चालायला लागतो. तो म्हातारा म्हणजे कॉर्मन. मी सोफ्यावर एकटीच मोठ्यानं हसले. नंतर मात्र ती मुलगी आठवत राहिली. दिवसभर उन्हात पोहण्याच्या कपड्यांत उभं राहायचं, एकदा नाणं उचलायचं, एकदा किंचाळायचं, आणि जो पाय आपल्याला ओढून नेतो तो तिथं नसताना त्याच्याकडं बघून घाबरायचं. काकांनी तिलाही विचारलं असतं. कॉर्मन ९ मे २०२४ ला गेले, ९८ वर्षांचे होऊन. काका त्यांच्या फार आधी गेले, त्यांनी हा चित्रपट काही बघितला नाही. बघितला असता तर मधल्या जागेबद्दल लांबवालं 'हं' नक्की होतं.

हल्लीच्या राक्षसांच्या आत कुणी बसलेलं नसतं, असं मी परवा जेवताना म्हणाले. आत्याचा नातू आला होता. गोरेगावला कुठल्याशा कंपनीत परदेशी चित्रपटांची कामं करतो, रात्रपाळी. त्याची आजी सगळ्यांना सांगते, पोरगा कार्टून काढतो. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "नसतं कसं? असतं की. आम्ही पुसतो."

मग त्यानं सांगितलं. नटाला अंगावर काही आल्यासारखं करता यावं म्हणून अंगभर हिरवे कपडे घातलेला एक माणूस फोमचा तुकडा हातात धरून उभा असतो. नट त्या तुकड्याशी झटापट करतो. नंतर संगणकात तो माणूस काढायचा, मागची भिंत भरायची. एका सेकंदाला चोवीस चित्रं. प्रत्येक चित्रातून तो पुसायचा, कडेनं, केस न् केस सांभाळून. सध्या याच्याकडं असाच एकजण आहे. रोज रात्री तोच. उजव्या पायावर भार देऊन उभा राहतो, मधेच पाठ खाजवतो, एकदा तर शिंकला आणि नटाला हसू आलं, ते टेक वापरलं नाही. "आता कुठं भेटला तर चालण्यावरनं ओळखीन," म्हणाला. तोंड त्यानं कधी बघितलेलं नाही, तेही हिरव्या कापडात.

"पिक्चर कुठला?" मी विचारलं.

"ते सांगत नाहीत. शॉटचा नंबर येतो फक्त."

"आणि प्राणी कसला आहे?"

"काय माहीत," तो म्हणाला आणि ताकाची वाटी पुढं केली. "आमच्याकडं नुसतं शेपूट आलंय. वरचं दुसऱ्या कंपनीकडं असंल."